देगी परत आल्या, तरी कोठी रिकामी का? प्रोग्रामच्या मेमरीचा हिशोब

जुन्या नाशकात, आमच्या मोहल्ल्यात, जमातखान्याला लागून एक छोटी कोठी आहे. शादी असो, अकीका असो, बिर्याणीच्या देगी, पातेली, थाळ, दस्तरखान सगळं तिथूनच नेलं जातं. कोठी सांभाळणारे चाचा वहीत लिहितात, कोणी नेलं, किती नेलं, परत कधी आलं. वही चोख असली की वीस देगींत अख्खा मोहल्ला निभतो. वही बिघडली की पन्नासही पुरत नाहीत.

ही कोठी आज आठवायचं कारण मात्र कॉम्प्युटरचं आहे.

आमची एक माजी विद्यार्थिनी उर्दू माध्यमातून दहावी झाली आणि पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. नोकरी शोधता शोधता तिने मालेगावच्या एका सूत व्यापाऱ्यासाठी प्रोग्राम लिहिला. गोदामांतून मोबाइलवर गोण्यांचे फोटो आणि नोंदी येतात, प्रोग्राम त्या वाचून बिलं बनवतो. पहिली कमाई, सगळं घर खुश. पण प्रोग्राम सकाळी दीडशे एमबी मेमरी घेऊन सुरू व्हायचा आणि असरपर्यंत दीड जीबीच्या वर जायचा. मग भाड्याच्या सर्व्हरवरचं लिनक्स त्याला स्वतःच मारून टाकायचं. व्यापारी हाजीसाहेब म्हणाले, "बेटी, हा रोजचा तमाशा चालणार नाही. ईदनंतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

मित्रांनी एका आवाजात सल्ला दिला, रॅम वाढव. मोठा सर्व्हर म्हणजे दरमहा दुप्पट भाडं. अब्बा रिक्षा चालवतात. त्यांनी रिक्षाच्या इंजिनकामासाठी बाजूला काढलेले पैसे द्यायची तयारी दाखवली. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. "सर, अब्बांना हो म्हणू का?"

आम्ही गणित-विज्ञान शिकवणारे, बीएडवाले. सी भाषा कॉलेजात शिकलो होतो, तेवढीच. पण देगी परत येत नसतील तर नव्या देगी घेऊन काही होत नाही, एवढं कळत होतं. म्हटलं, थांब. आधी वही बघू.

आता ही वही म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्रामला काम करताना जागा लागते. ती तो थेट लिनक्सकडे मागत नाही, मधल्या एका कोठीवाल्याकडे मागतो. त्याला मेमरी अ‍ॅलोकेटर म्हणतात. मागायच्या हाकेचं नाव मॅलॉक, परत करायच्या हाकेचं नाव फ्री. सी प्लस प्लसमध्ये न्यू आणि डिलीट लिहिलं तरी आतून बहुतेक वेळा हेच होतं. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर हा कोठीवाला जीलिबसी नावाच्या लायब्ररीत राहतो. त्याचं मूळ डग ली यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅलोकेटरमध्ये आहे. वोल्फ्राम ग्लोगर यांनी तो अनेक थ्रेडसाठी वाढवला.

कोठीत सात किलोची देग नसते. सात मागितली की दहाची मिळते. इथेही तसंच. आजच्या ६४ बिटच्या मशीनवर तुम्ही २४ बाइट मागितले तर कोठीवाला ३२ चा तुकडा देतो आणि २५ मागितले तर ४८ चा. एका बाइटसाठी सोळाचा भुर्दंड! त्याच तुकड्याच्या पुढच्या भागात तो आपली नोंद लिहून ठेवतो, म्हणजे वही वेगळी नाही, प्रत्येक देगीच्या गळ्यातच चिठ्ठी बांधलेली. म्हणून देगीत मापापेक्षा जास्त भरलं की उतू जाऊन शेजारच्या देगीची चिठ्ठी पुसते. गंमत अशी, की त्या क्षणी काहीच होत नाही. तासाभराने भलतंच कुणीतरी देग परत करायला येतं, चिठ्ठी वाचता येत नाही आणि प्रोग्राम तिथे कोसळतो. चूक एकीकडे, ओरड दुसरीकडे. अशा चुका शोधताना माणसं रात्री जागवतात त्या याच कारणाने.

बाकीच्या भानगडीही कोठीत रोज बघायला मिळतात. देग नेली आणि परतच केली नाही, ही गळती. एकच देग वहीत दोनदा जमा केली, तर पुढे तीच देग दोन घरांना लिहून दिली जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे देग परत केली, ती दुसऱ्याला गेली, तरी आधीचा माणूस तिच्यातच चमचा घालतोय. अमानत परत केली की तिच्यावरचा हक्क संपला, हे प्रोग्रामला आपोआप कळत नाही. लिहिणाऱ्याने ते सांभाळायचं असतं.

तिच्या प्रोग्राममध्ये यातलं काय होतं? आम्ही दोघांनी घरच्या लॅपटॉपवर वालग्रिंड चालवलं. हे मोफत साधन प्रत्येक मॅलॉक आणि प्रत्येक फ्रीवर नजर ठेवतं. त्यात प्रोग्राम दहा ते तीस पट हळू चालतो, म्हणून चालत्या दुकानावर ते लावू नका. घरी, थोड्या नोंदी देऊन लावा. शेवटी ते हिशोब छापतं. 'डेफिनिटली लॉस्ट' या ओळीसमोर शून्य हवा. तिच्याकडे शून्य नव्हता. खाली फंक्शनचं नाव आणि ओळ क्रमांकही होता. फोटो धूसर आला की फंक्शन मधूनच परत फिरायचं, आणि फोटोसाठी घेतलेली जागा परत करायची ओळ त्या वाटेवर नव्हतीच. चांगल्या फोटोच्या वाटेवर होती. गोदामात अंधार, त्यामुळे धूसर फोटो भरपूर. आम्हाला वाटतं बहुतेक गळत्या अशा चुकीच्या वाटेवरच असतात, कारण त्या वाटेची चाचणी कोणी घेत नाही.

ओळ घातली. दुसऱ्या दिवशी असरला फोन आला. मेमरी कमी झाली होती, पण थांबली नव्हती. वालग्रिंड आता म्हणत होतं, गळती शून्य. सगळ्या देगी परत आल्यात. मग लिनक्सला मशीन भरलेलं का दिसतं?

इथे आम्ही दोन संध्याकाळी अडकलो.

उत्तर असं, की फ्री केलेली जागा कोठीवाल्याकडे येते, लिनक्सकडे जाईलच असं नाही. पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो ती ठेवून घेतो. त्यात प्रोग्रामला अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी मागायला आलेली अनेक माणसं. एकच कोठी असेल तर रांग लागते. म्हणून जीलिबसी जास्त कोठ्या उघडतं. त्यांना अरीना म्हणतात. ६४ बिटच्या मशीनवर प्रत्येक कोअरमागे आठपर्यंत. तिच्या सर्व्हरला चार कोअर, म्हणजे बत्तीस कोठ्यांपर्यंत मुभा. एका कोठीत देगी रिकाम्या पडलेल्या, पण दुसऱ्या कोठीच्या गिऱ्हाइकाला त्या मिळत नाहीत, तिथे नव्या आणल्या जातात. शिवाय रिकामी जागा तुकड्या-तुकड्यांत. शादीच्या हॉलमध्ये दहा खुर्च्या रिकाम्या असतात, पण दहा जणांच्या घराला एकत्र बसायचं असेल तर एकही रांग सापडत नाही, तसं.

हे अंदाजाने बोलायची गरज नाही. मॅलॉक इन्फो नावाचं फंक्शन सगळ्या कोठ्यांचा हिशोब छापून देतं. तिने ते तासातासाला फाइलमध्ये लिहायला लावलं. कोठ्या तिशीच्या घरात गेल्या होत्या आणि बहुतेकांत मोकळी जागाच जास्त होती. गळती नव्हती, पसारा होता.

पसाऱ्याला औषध एका ओळीचं निघालं. प्रोग्राम सुरू करण्याआधी 'मॅलॉक अरीना मॅक्स' या नावासमोर २ लिहायचं. नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर. कोठ्या दोनच राहिल्या. असरला फोन आला तेव्हा आकडा तीनशे एमबीच्या आसपास होता, मगरिबलाही तेवढाच. बिलं हळू झाली का? तिच्या कामात फरक दिसला नाही. जिथे शेकडो थ्रेड एकसारखे जागा मागतात तिथे दिसेल, म्हणून आकडा बदलला की वेळही मोजायचा. फक्त मेमरी बघून खुश होऊ नका.

अशी बटणं पूर्वी वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली होती. त्यांना एका छताखाली आणणारी 'ट्युनेबल्स' ही चौकट पुण्यात राहून जीलिबसीवर काम केलेले सिद्धेश पोयारेकर यांनी लिहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या २.२६ आवृत्तीपासून ती सगळ्यांना आपोआप मिळते. नाशिकहून पुणं किती लांब? आमच्या वर्गातल्या मुलांना असली कामं अमेरिकेतच होतात असं वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्याच आवृत्तीत प्रत्येक थ्रेडला स्वतःजवळ काही छोटे तुकडे ठेवायची सोय आली, तिचं नाव टीकॅश. बावर्ची दोन-चार पातेली चुलीजवळच ठेवतो, दरवेळी कोठीत जात नाही, तशी.

तिच्या प्रोग्राममध्ये आणखी एक भूत होतं. आठ-दहा दिवसांतून एकदा 'डबल फ्री' असा संदेश देऊन तो मरायचा. त्यासाठी वेगळं साधन वापरलं, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. प्रोग्राम कंपाइल करतानाच ते आत घालायचं. वालग्रिंडपेक्षा पुष्कळ वेगाने चालतं, साधारण दुप्पट वेळ घेतं. दोन्ही एकदम लावू नका, एकमेकांच्या पायात येतात. एका दुपारी दोन गोदामांतून एकच बिल रद्द झालं आणि दोन थ्रेडनी एकच जागा परत केली, हे त्याने ओळीसकट दाखवलं.

कंपाइल करायची सोय नसेल तर जीलिबसीचीच तपासणी आहे. 'मॅलॉक चेक' ला ३ दिलं की बिघाड दिसताच प्रोग्राम संदेश देऊन थांबतो. 'मॅलॉक परटर्ब' ला एखादा आकडा दिला की परत केलेली जागा कचऱ्याने भरली जाते, म्हणजे परत केलेल्या देगीत चमचा घालणाऱ्याच्या हाती कचरा लागतो आणि चूक लवकर उघडी पडण्याची शक्यता वाढते. मात्र 'मॅलॉक चेक' साठी एक मेख आहे. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून ही तपासणी वेगळ्या डीबग लायब्ररीत हलवली आहे. ती 'एलडी प्रीलोड' ने आधी जोडली नाही तर बटण दाबूनही काही होत नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही. जुने व्हिडिओ बघून शिकणारी मुलं इथे हमखास फसतात. आम्हीही एक संध्याकाळ घालवली.

बटणं वाचणाऱ्या कोडमध्येसुद्धा उतू जायची चूक होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी नेमकं तेच जाहीर केलं. ट्युनेबल्समध्ये नाव, बरोबर, पुन्हा नाव, पुन्हा बरोबर असं वाकडं लिहिलं की मजकूर दुप्पट कॉपी होऊन मोजलेल्या जागेबाहेर जायचा, आणि मशीनवरचा साधा वापरकर्ता त्यातून पूर्ण मालक बनू शकायचा. 'लूनी ट्युनेबल्स' नावाने ती गाजली. चूक २०२१ पासून तिथे होती. दुरुस्ती लगेच आली, म्हणून सर्व्हर अपडेट केलेला आहे ना हे आधी बघा, मग बटणांना हात लावा.

एका मित्राने तिला सांगितलं, कोठीवालाच बदल, जेमॅलॉक लाव. ते जेसन इव्हान्स यांनी फ्रीबीएसडीसाठी लिहिलेलं, नावाजलेलं आहे. मायक्रोसॉफ्टचं मीमॅलॉक, गुगलचं टीसीमॅलॉकही आहे. पण गळती असताना कोठीवाला बदलला तर नवाही तेवढाच लुटला जातो. आधी वालग्रिंडचा शून्य, मग बदलाचा विचार, असं आम्ही तिला सांगितलं. तिला पुढे गरजच पडली नाही.

सर्व्हर जुनाच राहिला. रिक्षाचं इंजिनकाम ईदच्या आधी झालं. हाजीसाहेबांनी दुसरा माणूस शोधला नाही, उलट भावाच्या दुकानाचंही काम दिलंय. तिथल्या मशीनवर विंडोज आहे, कोठीवाला पूर्ण वेगळा, अरीना मॅक्स तिथे काहीच करत नाही. ती येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा आमच्याकडे येणार आहे.