सीए-१२५ : रक्ताच्या अहवालातील आकडा आणि त्याचा अर्थ

अंडाशयाच्या कर्करोगाची शंका आली की अनेक भगिनी सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घेतात आणि अहवालातील आकडा पाहून एक तर हादरून जातात, नाहीतर निर्धास्त होतात. दोन्हींत धोका आहे. म्हणून या तपासणीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सीए-१२५ हे रक्तात आढळणारे एक प्रथिन आहे. सामान्यतः दर मिलिलिटरला ३५ युनिटपर्यंतचे प्रमाण प्राकृत मानतात. मात्र हे प्रथिन केवळ कर्करोगातच वाढते असे नाही. मासिक पाळी, गर्भारपणाचे पहिले महिने, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉईडच्या गाठी, ओटीपोटातील जंतुसंसर्ग व यकृताचे विकार यांतही ते वाढते. आपल्या देशात पोटाच्या क्षयरोगाचा विचार आवर्जून करावा लागतो. त्यात पोटात पाणी होते, वजन घटते आणि हा आकडा कित्येक शेकड्यांवर जाऊ शकतो. चित्र कर्करोगाचे भासते. परंतु बायोप्सीने क्षयाचे निदान झाल्यास रुग्ण औषधांनी बरी होऊ शकते.

याउलट, आरंभीच्या अवस्थेतील कर्करोगात सुमारे निम्म्या स्त्रियांचा आकडा प्राकृतच असतो. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' असूनही त्रास चालूच राहिल्यास पुन्हा तपासून घेणे अगत्याचे आहे.

पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवीला वारंवार किंवा घाईने जावे लागणे, ही चार लक्षणे ध्यानात ठेवावीत. ती नव्याने सुरू झाली असतील व महिन्यातून १२ हून अधिक दिवस जाणवत असतील, तर विशेषतः पन्नाशीनंतर 'गॅसेस' किंवा 'ॲसिडिटी' समजून ती अंगावर काढू नयेत. स्त्रीरोगतज्ज्ञ शारीरिक तपासणी, सोनोग्राफीतील गाठीचे स्वरूप, रजोनिवृत्ती झाली आहे की नाही आणि सीए-१२५ यांचा एकत्रित विचार करतात; एकट्या आकड्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. कर्करोगाचे निदान झाल्यावर मात्र उपचारांचा परिणाम पाहण्यास हीच तपासणी फार उपयोगी पडते.

कोणतेही लक्षण नसता दरवर्षी ही तपासणी करावी काय? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा चाळणी-तपासणीने या रोगाचे मृत्यू घटल्याचे त्यात आढळले नाही. म्हणून सरसकट तपासणीचा सल्ला दिला जात नाही. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास मात्र डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे. अशा घराण्यात बीआरसीए जनुकांची तपासणी उपयुक्त ठरू शकते.

डॉक्टरांकडे येताना आमच्या भगिनींनी जुने अहवाल, शेवटच्या पाळीची तारीख आणि त्रास झालेल्या दिवसांची नोंद सोबत आणावी, अशी आमची विनंती आहे. योग्य निदानास त्या नोंदीचे साहाय्य आकड्याइतकेच मोलाचे असते.