सेकंड हँड कार घेताय? मीटरवरच्या आकड्यापेक्षा गाडीचा इतिहास बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी कार बघायला गेलं की एकाच रांगेत तीन राज्यांच्या गाड्या उभ्या दिसतात. केए २२ आणि केए २३ तर असतातच, शेजारी कोल्हापूरची एमएच ०९, सांगलीची एमएच १० आणि गोव्याची जीए. त्यात बाहेरच्या पासिंगची गाडी बऱ्याचदा स्वस्त सांगितली जाते. मॉडेल तेच, वर्ष तेच, मीटरवर किलोमीटरही कमी. मग स्वस्त का? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नये.

गाडी भरवशाची आहे की नाही हे नुसत्या कंपनीच्या नावावरून ठरत नाही. ती कुठे राहिली, कोणी चालवली आणि कागद तेच सांगतात का, यावर ते ठरतं.

आधी कागद, मग बॉनेट

गाडी बघायला जाण्याआधीच नंबर मागून घ्यावा. परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, एवढं घरबसल्या कळतं. विकणारा 'सिंगल ओनर' म्हणतोय आणि नोंदीत तिसरा मालक दिसतोय, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ई-चलनाची थकबाकीही त्याच वेळी बघावी.

प्रत्यक्ष गाडीजवळ गेल्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघावा. नंबरावर घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरावं. कर्ज फिटलंय असं नुसतं तोंडी सांगून चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरलेला हवा.

जुनी विमा पॉलिसी आवर्जून मागावी. दरवर्षी क्लेम न घेणाऱ्याला नो क्लेम बोनस मिळतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जातो. चार-पाच वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीत हा बोनस शून्य दिसला, तर क्लेम घेतला होता का आणि कशासाठी, हे विचारायलाच हवं.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यात नदीकाठच्या गावांत, शहरांत पाणी शिरलं होतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येऊ शकते. वरून ती चकाचक दिसते. पण वायरिंगचे जोड आतून गंजत जातात आणि काही महिन्यांनी एकेक सेन्सर, पॉवर विंडो, एअरबॅगचा दिवा त्रास द्यायला लागतो.

ओळखायला या चार जागा बघाव्यात:

- सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला मातकट डाग किंवा पाण्याची रेघ राहिलेली असते.
- पुढची सीट मागे सरकवून तिचे रूळ आणि खालचे बोल्ट बघावेत. केबिनच्या आत एवढा गंज सहसा येत नाही.
- डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गाळ आहे का बघावं.
- कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्यावा. गाडीत अत्तराचा भपका असेल तर जास्तच नीट बघावं.

गोव्याच्या किनारी भागातल्या गाडीचं दुखणं वेगळं. तिथे खाऱ्या हवेनं पत्रा खालून खातो. दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि चाकांच्या वरची कमान बोटानं चाचपावी. शक्य असेल तर गाडी रॅम्पवर चढवून खालून बघावी. गाडी पूर्वी रेंट-अ-कारमध्ये होती का, हेही विचारावं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी शेकडो हातांनी चाललेली असते. तिच्या क्लचचं आणि सस्पेन्शनचं आयुष्य मीटरवरून कळत नाही.

मीटर खोटं बोलू शकतं

मीटर मागे घेणं अवघड राहिलेलं नाही. म्हणून मीटरवरचा आकडा बाकीच्या खुणांशी जुळवून बघावा. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसतात, स्टिअरिंगचं कव्हर सोललेलं नसतं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१९ ची, मीटर २५ हजारांचं आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर एवढ्या लवकर ते का बदलले याचं उत्तर हवं. अधिकृत सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं असतील तर त्यावर तारखेसह किलोमीटर असतात. ती बघितली की खरं-खोटं लगेच कळतं.

इंजिन थंड असताना बघा

आपण येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघावा. गरम लागलं तर गाडी आधी तापवून ठेवली आहे. गरम इंजिनमध्ये बरेच दोष झाकले जातात. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑईल जाळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते. ऑईलच्या झाकणाखाली दुधी चिकट थर दिसला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर किमान अर्धा तास गाडी चालवावी. त्यात चढ, खराब रस्ता आणि मोकळा रस्ता तिन्ही असावेत. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच संपत आलाय. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का तेही बघावं. मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्यावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

परराज्याची गाडी खरंच स्वस्त पडते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीचं तिथे पुन्हा पासिंग करावं लागतं. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. शिवाय कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि तो देशातल्या चढ्या दरांपैकी आहे. त्यामुळे व्यवहार ठरवण्याआधी आरटीओत जाऊन टॅक्सचा अंदाज घ्यावा. ती रक्कम किमतीत मिळवली की कितीतरी 'स्वस्त' गाड्या केए पासिंगच्या बरोबरीला येतात.

नावावर करून घेणं टाळू नका

सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० घेऊन गाडी वर्षानुवर्षे तशीच फिरवण्याची सवय दोघांनाही महागात पडते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत नाव असलेल्या मालकालाच जबाबदार धरलं. गाडी मात्र तोपर्यंत अनेक हातांतून गेली होती. विकणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं. घेणाऱ्यानं विमासुद्धा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

एनओसी आणि सही केलेले फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. काही रक्कम नाव चढेपर्यंत मागे ठेवावी आणि तसं लेखी करून घ्यावं. याला तयार नसलेल्या माणसाची गाडी कितीही चांगली दिसली तरी सोडून द्यावी.