आधी कुठे होतात?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाची रडवेली होऊन घरी आली. गेल्या ऑगस्टअखेर तिने नोकरी बदलली होती. आधी महिना १ लाख मिळायचे, नव्या ठिकाणी १ लाख ३० हजार. वर्षभराच्या बाराही स्लिपांवर टीडीएसच्या रकान्यात शून्य. विवरणपत्राची आकडेमोड करून पाहिली तेव्हा कर निघाला ८३,४६० रुपये, व्याज वेगळं. ‘मावशी, बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणाले होते ना?’

दोन्ही कंपन्यांचे हिशेब मी मांडून पाहिले. पहिलीने धरलं, हिला वर्षभर लाखच मिळणार. १२ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ११ लाख २५ हजार, म्हणजे कर नाही. दुसरीने आपल्यापुरते सात महिने मोजले, ९ लाख १० हजार. तिथेही कर नाही. दोन्ही पगारांची बेरीज मात्र १४ लाख १० हजार होते, आणि ती कुणीच केली नाही. आधीच्या नोकरीतला पगार नव्या मालकाला कळवायचा नमुना असतो, तेव्हाचा १२ बी. कंपनीच्या ॲपमध्ये तो कुठल्यातरी पानावर पडून होता. तो भर, असं तिला एकाही माणसाने सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात, १ एप्रिलला, १९६१ चा आयकर कायदा इतिहासजमा झाला आणि २०२५ चा नवा कायदा लागू झाला. पगारातून कर कापायचं कलम १९२ आता ३९२ झालं. ज्या कलमाखाली माझे पैसे कापले गेले त्याचा नंबर गेला याचं मला काही वाटू नये. पण त्या दिवशी मला भोसरीच्या कारखान्यातल्या पगारखात्याची खिडकी आठवली, आणि खिडकीआडचे अण्णा.

१९८४ साली मी नोकरीला लागले. पहिली काही वर्षं कर लागण्याइतका पगारच नव्हता. सात तारखेला पाकीट हातात यायचं, नोटा मोजायच्या, सही करायची. नंतर कर लागू लागला, तोही निमूट कापला जायचा. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखं फार नाही.

अण्णा आमच्या पगारखात्यात आले १९९७ मध्ये. त्याच वर्षी अर्थमंत्री चिदंबरम यांनी १०, २० आणि ३० टक्के असे कराचे तीन टप्पे केले होते आणि वर्तमानपत्रं त्या अर्थसंकल्पाला स्वप्नातलं बजेट म्हणत होती. अण्णांना त्याहून वेगळ्याच एका गोष्टीची काळजी होती. आपल्या पगारातून अमुकच रुपये का कापले, हे कामगाराला सांगता आलं पाहिजे, असं ते म्हणत. खिडकीशी गेलं की जुन्या मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर ते पेन्सिलीने मांडून दाखवायचे. १९९८-९९ चा माझा कागद अजून माझ्याकडे आहे. करपात्र रक्कम १,२०,०००. पहिल्या ५० हजारांवर काही नाही. पुढच्या १० हजारांवर १० टक्के, म्हणजे १ हजार. उरलेल्या ६० हजारांवर २० टक्के, १२ हजार. एकूण १३ हजार. फंड आणि विमा मिळून ३० हजार, त्यावर कलम ८८ ची २० टक्के सूट, ६ हजार. राहिले ७ हजार. भागिले १२. महिन्याला ५८३.

‘हा कर मी ठरवत नाही, ताई,’ ते म्हणायचे. ‘वर्षाच्या सुरुवातीला मी तुमच्या सगळ्या वर्षाचा अंदाज बांधतो आणि त्याचे बारा हप्ते करतो. अंदाज चुकला तर पुढच्या हप्त्यांत भरून काढतो.’ कलम १९२ एवढंच सांगायचं, आणि ते इतक्या सोप्या शब्दांत मी नंतर कुठेही वाचलं नाही. जानेवारीत विम्याच्या पावत्या आणल्या नाहीत तर विम्यावरची सूट शेवटच्या तीन महिन्यांत सारख्या हप्त्यांनी वळती होणार, हे ते दिवाळीतच बजावून सांगत. आमच्या शॉपमध्ये मार्चचा पगार अचानक निम्मा झाला म्हणून कुणी डोक्याला हात लावून बसलेलं मला आठवत नाही. व्यवसायकराचे पैसे का जातात, असं एकाने तणतणत विचारलं, तेव्हा अण्णांनी काम थांबवून सांगितलं की १९७५ चा तो कायदा रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला केला. दुष्काळात खडी फोडायला उभा राहतो त्याच्या मजुरीत तुमचे हे पैसे आहेत.

नवा माणूस भरती झाला की पहिल्याच दिवशी त्यांचा प्रश्न ठरलेला. ‘आधी कुठे होतात? तिथे किती कापला?’

२००१ मध्ये मी तो कारखाना सोडला आणि एका छोट्या कंपनीत गेले. तिथे पगारखातं म्हणजे मालकाच्या नातलगाचं टेबल. दोन वर्षं माझ्या पगारातून दरमहा कर कापला गेला, पण त्याचा दाखला, फॉर्म १६, काही मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात देतो, असं दर आठवड्याला ऐकलं. मग कंपनी बंद पडली, आणि २००४ मध्ये मला नोटीस आली. त्या दोन वर्षांचा कर भरा, व्याजासकट. कापलेला पैसा सरकारात पोचलाच नव्हता. स्लिपा घेऊन मी कचेरीत गेले. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने त्या पाहिल्याही नाहीत. आमच्याकडे जमा नाही म्हणजे कापला नाही, एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी परत येताना पीएमटीच्या बसमध्ये मला रडू आलं. ज्याने माझे पैसे खाल्ले तो मोकळा फिरत होता. कापलेला कर सरकारात न भरणं हा तेव्हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता, पण त्याच्यावर खटला भरल्याचं माझ्या कधी ऐकण्यात आलं नाही.

अण्णा तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून कायद्याचं पुस्तक काढलं आणि कलम २०५ वर बोट ठेवलं. पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर नोकरदाराकडे पुन्हा मागता येत नाही. ‘स्लिपा जपून ठेवा,’ म्हणाले. मी जपल्या. २००७ मध्ये अशाच एका पगारदाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तेच सांगितलं. मालकाने कापून भरला नसेल तर वसुली मालकाकडून करा, नोकरदाराकडून नाही. तरीही माझ्या नावावरची ती बाकी हलली नाही. पुढे दोनदा माझा परतावा तिच्यात वळता करून घेतला. जून २०१५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना याबाबत लेखी सूचना दिली, त्यानंतर अर्ज करकरून ती पुसली गेली.

त्याच दशकातला दुसरा सल अजून जात नाही. २००५ च्या अर्थसंकल्पाने पगारदारांची प्रमाणित वजावट काढून घेतली. करमुक्त मर्यादा १ लाख केली हे खरं, पण दुकानदार आपला खर्च वजा करू शकतो आणि नोकरीवर जाणाऱ्याला जणू खर्चच नसतो, हा अन्याय पुढे तेरा वर्षं चालला. २०१८ मध्ये ४० हजारांची वजावट परत आली. मात्र प्रवासभत्त्याची १९,२०० आणि औषधोपचाराची १५ हजारांची सवलत बंद करून. म्हणजे पदरात पडले ५,८००.

पुढची वर्षं मी भरभर ओलांडते. कापलेला कर जमा झाला की नाही, हे आता आयकर खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. २००३ मध्ये ती सोय असती तर मी फसले नसते, आणि त्यासाठी मी मनापासून ऋणी आहे. पण त्याच काळात खिडक्या बंद झाल्या. पगारखातं बाहेरच्या एजन्सीकडे गेलं. मी २०२१ मध्ये निवृत्त झाले तेव्हा माझा कर कोण मोजतं, ते माणूस कुठल्या शहरात बसतं, हे मला माहीत नव्हतं. प्रश्न विचारायचा तर तिकीट काढायचं, आणि चार दिवसांनी उत्तर यायचं, ‘नियमानुसार बरोबर आहे.’ २०२३ पासून तर नवी करप्रणाली आपोआप लागू होते. त्यात वजावटी जवळपास नाहीत, म्हणून पावत्याही नाहीत. सोपं झालं, हे मला मान्य आहे. पण पावत्यांच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी माणूस हिशेबापाशी बसायचा. आज चांगल्या शिकलेल्या मुलांना स्लिपेवरचा शेवटचा आकडा तोंडपाठ असतो, मधला एकही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

भाचीने कर व्याजासकट भरला. मग मी तिला बसवलं आणि कॅलेंडरच्या मार्चच्या पानामागे चालू वर्षाचा हिशेब तिच्याकडूनच मांडून घेतला. १ लाख ३० हजार गुणिले १२, १५ लाख ६० हजार. वजा ७५ हजार, उरले १४ लाख ८५ हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ वर २० हजार, त्यापुढच्या ४ वर ४० हजार, राहिलेल्या २ लाख ८५ हजारांवर १५ टक्के, ४२,७५०. बेरीज १,०२,७५०. उपकर ४ टक्के, ४,११०. भागिले १२. तिने दोनदा तपासलं. ८,९०५.

एप्रिलची स्लिप आली तेव्हा ती ऑफिसात होती. तिथूनच तिने फोन केला. ‘मावशी, ८,९०५!’ मी काही बोलायच्या आत म्हणाली, थांब जरा. फोन तसाच चालू होता. तिच्या शेजारी त्याच महिन्यात नवी मुलगी आली होती, आणि भाची तिला विचारत होती, ‘तू आधी कुठे होतीस गं? तिथे किती कापला?’