विश्लेषण : सुखोईच्या उड्डाण नियंत्रणात चार वाहिन्या, तरीही बिघाडाचे भाकीत अवघड का?

पुण्यातील लोहगाव तळावरून उडालेले हवाई दलाचे सुखोई-३० एमकेआय ३० एप्रिल २००९ रोजी राजस्थानात पोखरणजवळ कोसळले. एका वैमानिकाचा मृत्यू झाला. संभाव्य कारण म्हणून ‘फ्लाय-बाय-वायर’ यंत्रणेतील बिघाड पुढे आला. १३ डिसेंबर २०११ रोजी आणखी एक सुखोई पुण्याजवळ वाडे बोल्हाई येथे पडले. दोन्ही वैमानिक वाचले. प्राथमिक संशय मात्र पुन्हा याच यंत्रणेवर होता.

ही यंत्रणा काय करते?

वैमानिकाने स्टिक ओढली की त्या हालचालीचा विद्युत संदेश होतो. संगणक तो तपासतो आणि त्यानुसार पंख-शेपटीचे हलते भाग हायड्रॉलिक दाबाने वळतात. सुखोई मुद्दामच काहीसे अस्थिर ठेवलेले विमान आहे. त्याची चपळाई त्यातूनच येते. संगणक गप्प झाला तर ते हाताने सावरणे जवळपास अशक्य. म्हणून चार वाहिन्या समांतर चालतात. एकीचे उत्तर वेगळे आले की बाकीच्या तिला बहुमताने बाजूला काढतात.

गणित कुठे फसते?

समजा, एका वाहिनीत १० हजार तासांत सरासरी एक बिघाड होतो. (म्हणजे ९,९९९ तास निर्धास्त, असे नव्हे, तो पहिल्याच तासातही होऊ शकतो.) मग दोन वाहिन्या एकाच तासात बंद पडण्याची शक्यता १० कोटींत एक. चारही बंद पडायच्या तर एकावर १६ शून्ये, इतक्यांत एक! प्रवासी विमानांच्या निकषात घातक बिघाडाची मर्यादा १०० कोटी उड्डाण तासांत एक, एवढीच आहे.

पण हा गुणाकार बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. चारही वाहिन्यांत सॉफ्टवेअरची तीच चूक असेल किंवा वीजपुरवठा एकच असेल, तर चार वाहिन्या असून नसल्यासारख्या. बोइंग ७३७ मॅक्समध्ये तर ‘एमकॅस’ प्रणाली एका वेळी एकाच सेन्सरवर विसंबून होती. २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ जणांचा जीव गेला.

भाकीत कशाचे करता येते?

झिजणाऱ्या भागांचे. हायड्रॉलिक सील, बेअरिंग, पंप यांची झीज तास, तापमान आणि कंपनांच्या नोंदींतून आधी ओळखता येते. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून तिथेच असते आणि नेमकी परिस्थिती जुळेपर्यंत कोणत्याही नोंदीत दिसत नाही.