305 मिलिमीटरचा हट्ट

जून 1953. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडच्या पोर्ट्समथजवळ, स्पिटहेडच्या समुद्रात युद्धनौकांच्या रांगा लागल्या होत्या. पाहुण्यांमध्ये मुंबईहून गेलेली भारताची क्रूझर ‘दिल्ली’ होती आणि सोव्हिएत संघाची ‘स्वेर्दलोव’ही. ‘स्वेर्दलोव’ नवी कोरी होती. तिच्यावरच्या 152 मिलिमीटरच्या बारा तोफा पाहून पाश्चात्त्य नौदलांना घोर लागला. ‘दिल्ली’ मुरलेली होती. 1939 साली ‘अकिलिस’ या नावाने तिने सहा इंची तोफांच्या बळावर ‘ग्राफ श्पे’ या जर्मन नौकेच्या 280 मिलिमीटर तोफांना तोंड दिले होते. भारताने ती 1948 मध्ये घेतली.

‘स्वेर्दलोव’ दिमाखात मिरवत होती खरी, पण तिच्या थोरल्या बहिणींचा निकाल दोनच महिन्यांपूर्वी मॉस्कोत लागला होता.

या थोरल्या बहिणी म्हणजे ‘प्रकल्प 82’. पहिलीचे नाव ‘स्तालिनग्राद’. लांबी सुमारे पावणेतीनशे मीटर, पूर्ण वजन चाळीस हजार टनांच्या वर, वेग 35 नॉट. तीन फिरत्या बुरुजांत 305 मिलिमीटरच्या नऊ तोफा आणि प्रत्येक गोळा 467 किलोचा. तो पन्नास किलोमीटरपलीकडे टाकायचा होता. कागदावर तिला क्रूझर म्हटले, तरी अंगापिंडाने ती बॅटलशिपच होती. स्टॅलिनला या जातीच्या नौकांचा विलक्षण सोस होता. नौदलप्रमुख कुझनेत्सोव यांनी आपल्या आठवणींत तो नोंदवून ठेवला आहे. निकोलायेव, लेनिनग्राड आणि उत्तरेतले मोलोतोव्स्क अशा तीन गोद्यांत काम सुरू झाले. मार्च 1953 मध्ये स्टॅलिन गेला आणि एप्रिलमध्ये प्रकल्प रद्द झाला. मालक गेल्यावर दोन महिनेही न टिकणाऱ्या गरजेला हट्टच म्हणायला हवे.

‘प्रकल्प 66’ तर गोदीपर्यंतही पोचला नाही. अमेरिकेच्या ‘डी मॉइन’ वर्गाच्या आठ इंची तोफांना उत्तर म्हणून त्यात 220 मिलिमीटरच्या नऊ तोफा योजल्या होत्या. गंमत अशी, की नौका आराखड्यातच राहिली, पण तिची तोफ मात्र खरोखर तयार झाली. लेनिनग्राडजवळच्या र्झेव्का चाचणी मैदानावर ती डागूनही पाहिली. जिच्यावर ती बसणार होती, ती नौकाच जन्मली नाही. विमानांवरही मारा करू शकतील अशा 180 मिलिमीटरच्या दुहेरी उपयोगाच्या तोफांचा ‘प्रकल्प 84’ही असाच मिटला. ‘स्वेर्दलोव’च्या वर्गातल्या चौदा नौका पुऱ्या झाल्या, बाकीच्या अर्धवट सोडून दिल्या. स्टॅलिननंतर आलेल्या ख्रुश्चेव्हच्या लेखी क्रूझरचा उपयोग पाहुणचारापुरता होता. 1956 मध्ये तो स्वतः ‘ओर्जोनिकिद्झे’ या क्रूझरवरूनच इंग्लंडला गेला, म्हणजे तेवढा उपयोग त्याने करून घेतला!

‘स्तालिनग्राद’च्या नशिबी तेही नव्हते. तिच्या सांगाड्याचा जाड चिलखताचा मधला भाग तेवढा पाण्यात उतरवला आणि लक्ष्य म्हणून वापरला. नव्या क्षेपणास्त्रांनी चिलखत कितपत फुटते, ते त्याच्यावर तपासले गेले.

तोफ आणि क्षेपणास्त्र यांच्या या गोष्टीचा पुढचा अंक अरबी समुद्रात घडला. 1968 मध्ये ‘स्वेर्दलोव’च्या वर्गातली ‘दिमित्री पोझार्स्की’ मुंबईला भेट देऊन गेली. भारताने मात्र रशियाकडून क्रूझर घेतली नाही. घेतल्या त्या ‘ओसा’ वर्गाच्या आठ क्षेपणास्त्र नौका. भरल्या वजनाला एकेक जेमतेम दोनशे टनांची. तेवढे वजन पेलणारी क्रेनही तेव्हा मुंबई बंदरात नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून ओढत मुंबईला आणल्या.

भारत-पाकिस्तान युद्धात 4 डिसेंबर 1971 च्या रात्री यांतल्याच ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर चालून गेल्या. ‘निर्घात’च्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ बुडवली, ‘वीर’ने ‘मुहाफिझ’ हे सुरुंग काढणारे गलबत. अंधारातून झेपावत येणारा उजेड म्हणजे विमानच, असे ‘खैबर’वरच्यांना वाटले. त्या युद्धात पश्चिम ताफ्याची प्रमुख नौका होती ‘म्हैसूर’, सहा इंची नऊ तोफांची जुनी ब्रिटिश क्रूझर. दहाच वर्षांपूर्वी गोवामुक्तीच्या वेळी तिने अंजदीव बेटावर आणि ‘दिल्ली’ने दीवला तोफा चालवल्या होत्या. कराचीच्या रात्री काम केले ते तिच्यापेक्षा कित्येक पटींनी लहान नौकांनी. ‘स्तालिनग्राद’ रद्द करण्याचा निर्णय योग्य होता, याचा पुरावा मॉस्कोपेक्षा कराचीसमोर अधिक स्वच्छ मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

‘दिल्ली’ 1978 मध्ये मुंबईतच मोडीत निघाली. तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडला भेट म्हणून गेला. ‘अकिलिस’ असताना ती त्याच देशाची होती. ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर तो अजून आहे. ‘म्हैसूर’ 1985 मध्ये निवृत्त झाली.

नावे मात्र माझगाव गोदीत परत आली. रशियन आराखडाकारांच्या साहाय्याने बांधलेली विनाशिका ‘दिल्ली’ नोव्हेंबर 1997 मध्ये नौदलात दाखल झाली, 1999 मध्ये ‘म्हैसूर’ आणि 2001 मध्ये ‘मुंबई’. वजन साडेसहा हजार टनांच्या वर. पुढच्या बाजूला तोफ एकच, 100 मिलिमीटरची, सोव्हिएत बनावटीच्या घराण्यातली. गोळा साधारण साडेपंधरा किलोचा. जुन्या ‘दिल्ली’चा पन्नास किलोचा असे. मिनिटाला साठ गोळ्यांपर्यंत मारा करणारी ही तोफ मोठ्या नौकांशी झुंजण्यासाठी नव्हतीच. त्यासाठी सोळा क्षेपणास्त्रे होती. माझगाव गोदीतूनच 2014 मध्ये आलेल्या ‘कोलकाता’वर तर तोफ आणखी बारीक झाली: 76 मिलिमीटर, मूळ इटालियन, बांधणी हरिद्वारच्या भेल कारखान्याची.