एका पिंजऱ्यातले दोन परके

पाळीव प्राण्यांच्या दुकानात ससा आणि गिनीपिग पुष्कळदा एकाच पिंजऱ्यात ठेवलेले दिसतात. दोघेही मऊ केसांचे, दोघेही गवत खाणारे, दोघेही भित्रे. तेव्हा एकाला दुसऱ्याची सोबत होईल हा विचार सहजच मनात येतो. तीन वर्षांपूर्वी आम्हीही मुलीच्या हट्टाखातर अशी जोडी घरी आणली. सशाचे नाव कापूस आणि गिनीपिगचे जाई. गॅलरीत एक ऐसपैस पिंजरा, त्यात पाण्याची एक बाटली आणि खाद्याची एक वाटी. दोघे एकमेकांना बिलगून बसत आणि ते दृश्य पाहून आम्हा मोठ्यांनाही समाधान वाटे.

चौथ्या महिन्यात जाई मंदावली. केस राठ झाले, मागचे पाय ओढत चालू लागली, उचलायला गेले की कळवळून ओरडू लागली. पशुवैद्यांनी तिचे सांधे चाचपले, हिरड्या पाहिल्या आणि औषध लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, “ही खाते काय?”

“सशाचेच खाद्य. दोघांची वाटी एकच आहे,” मी म्हणाले.

निदान त्या उत्तरातच होते. जाईला ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही झाला होता.

एक वाटी, दोन शरीरे

सशाचे शरीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. गिनीपिगला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर त्याच्या शरीरात नसते. याबाबतीत तो आपला, म्हणजे माणसाचा, सोबती आहे. वैद्यकाच्या इतिहासात या साम्याला मोठे मोल आहे. १९०७ मध्ये नॉर्वेतील अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे संशोधक बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना बेरीबेरी न होता स्कर्व्ही झाला, आणि स्कर्व्हीचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याचा मार्ग खुला झाला. ज्या प्राण्यामुळे माणसाला ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पटण्यास मदत झाली, त्याच्याच वाटीत ते नसावे, ही आमच्या घरची शोकांतिका होती.

निरोगी, प्रौढ गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते २० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. आजारपणात आणि गाभण असताना त्याहून अधिक. सशासाठी बनवलेल्या खाद्यात ते पुरेसे नसते. गिनीपिगच्या खास खाद्यात घातलेले जीवनसत्त्वही साठवणीत हळूहळू नष्ट होते, म्हणून पाकीट लहान आणि ताजे घ्यावे. पाण्यात थेंब टाकण्याची पद्धतही भरवशाची नाही. त्यापेक्षा रोज ढोबळी मिरचीचा तुकडा आणि कोथिंबीर द्यावी, अधूनमधून पेरूची लहानशी फोड द्यावी. गरज भासल्यास पूरक मात्रा पशुवैद्यांना विचारून ठरवावी.

दोघांच्याही आहाराचा मोठा भाग मात्र वाळलेले गवतच असले पाहिजे. त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. आतड्याची हालचालही गवतातील तंतूंवर चालते. आपल्याकडे सहज मिळणारा लसूण घास वाढत्या पिलांना चालतो, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढ प्राण्यांना रोज दिल्यास मूतखड्याचा धोका संभवतो. पोळी, बिस्किटे, बटाटा, कांदा, लसूण आणि चॉकलेट प्रेमापोटीही देऊ नयेत.

निरुपद्रवी सशाचा उपद्रव

आहाराचा प्रश्न दोन वाट्या ठेवून सुटला, तरी बाकीचे प्रश्न उरतातच. प्रौढ गिनीपिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. ससा जातीनुसार त्याच्या दुप्पट-तिपटीहून मोठा होऊ शकतो. सशाच्या मागच्या पायांत विलक्षण जोर असतो. घाबरून किंवा खेळताना मारलेली एक लाथही गिनीपिगला गंभीर इजा करू शकते. खच्चीकरण न केलेला नर ससा गिनीपिगवर वारंवार चढतो, आणि अरुंद पिंजऱ्यात त्याला पळायला जागा उरत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ‘बोर्डेटेला’ नावाचे जिवाणू अनेक सशांच्या श्वसनमार्गात असतात. सशाला त्यांचा त्रास बहुधा होत नाही, पण गिनीपिगला त्यांच्यामुळे जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा वरकरणी ठणठणीत दिसणारा ससादेखील गिनीपिगसाठी सुरक्षित आहे असे समजू नये.

भाषेचे अंतर

ससा मूळचा युरोपातल्या इबेरियन द्वीपकल्पाचा आणि गिनीपिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीचा. ससा बव्हंशी मुका. त्याचे बोलणे कानांतून, अंगाच्या ठेवणीतून आणि पाय आपटण्यातून होते. डोके खाली घालून तो जोडीदाराकडे ‘मला चाट’ अशी मागणी करतो. गिनीपिगला ही मागणी कळत नाही. त्याचे जग आवाजाचे आहे. शीळ, कुरकुर, घुरघुर अशा नाना स्वरांनी तो आपल्या कळपाशी बोलतो, आणि त्या बोलण्याला ससा उत्तर देऊ शकत नाही. दोघे बिलगून बसतात ते पुष्कळदा ऊब मिळावी किंवा भीती कमी व्हावी म्हणून. आपण त्याला मैत्री म्हणतो.

स्वजातीयाची सोबत ही या प्राण्यांची चैन नव्हे, गरज आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार गिनीपिग एकटा पाळता येत नाही, तो यासाठीच.

मग करावे काय?

दोन गिनीपिग किंवा दोन ससे पाळावेत. दोन माद्या गिनीपिग सहसा सुखाने नांदतात. नर-मादी एकत्र ठेवायचे असल्यास नराचे खच्चीकरण आधी करून घ्यावे. नर पिल्लू तीन-चार आठवड्यांतच प्रजननक्षम होऊ शकते. सशांमध्ये शस्त्रक्रिया केलेल्या नर-मादीची जोडी सर्वांत स्थिर मानली जाते. मादी सशाला पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असल्याने ही शस्त्रक्रिया तिच्या आरोग्यासाठीही हिताची आहे. नवा प्राणी आणल्यावर त्याला दोन आठवडे वेगळे ठेवावे आणि मग दोघांनाही नव्या असलेल्या जागेत हळूहळू ओळख करून द्यावी.

दोन्ही जाती आधीच घरात असतील तर त्यांचे पिंजरे आणि वाट्या स्वतंत्र ठेवाव्यात. खोल्या स्वतंत्र असतील तर उत्तम. अनेक वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीला मात्र एका दिवसात तोडू नये. तोवर सशाला शिरता येणार नाही अशा लहान तोंडाच्या लपण्याच्या जागा गिनीपिगला द्याव्यात आणि पुढचे पाऊल पशुवैद्यांच्या सल्ल्याने टाकावे.

आपल्याकडचा उन्हाळा दोघांनाही सोसत नाही. तापमान ३० अंशांच्या वर गेले की गॅलरीतला पिंजरा घरातल्या थंड, हवेशीर कोपऱ्यात आणावा. बसायला गार फरशीचा तुकडा द्यावा. कोणत्याही प्राण्याने दहा-बारा तास काही खाल्ले नाही, तर ती तातडीची वेळ समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरातले उरलेले प्रतिजैविक औषध कधीही देऊ नये. काही प्रतिजैविके या प्राण्यांच्या जिवावर बेततात.

कुटुंबाच्या आरोग्याचाही विचार हवा. या प्राण्यांकडून माणसांना गजकर्ण होऊ शकते. प्राण्याच्या अंगावर केस गेलेले चट्टे दिसल्यास मुलांना दूर ठेवून तपासणी करून घ्यावी. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी. घरात दमा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर प्राणी आणण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. आणि एक हिशेब आधीच मांडावा. गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो, ससा आठ ते बारा. आज हट्ट करणारे मूल तोवर शाळा ओलांडून कॉलेजात गेलेले असेल.

जाई काही आठवड्यांत सावरली. कापसाचा पिंजरा आम्ही दुसऱ्या खोलीत हलवला, त्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढे त्याच्यासाठी जोडीदारीणही आणली. जाईकडे दुसरी मादी गिनीपिग आली. ओळख झाल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडी सोडण्याचा आवाज झाला आणि आतल्या खोलीतून दोन शिळा एकदम ऐकू आल्या. एक नवी होती. दुसरी जाईची होती, आणि ती आम्ही त्याआधी कधीच ऐकलेली नव्हती. इतके दिवस आम्ही तिला शांत स्वभावाची समजत होतो.