एकच 'गिफ्ट' : कुठे भेट, कुठे विष

इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तू. मराठी बोलण्यातही हा शब्द याच अर्थाने रुळला आहे. जर्मन भाषेत मात्र 'गिफ्ट' म्हणजे विष. स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत याच शब्दाचे दोन अर्थ आहेत : विष आणि विवाहित. डच भाषेत त्याचा प्रचलित अर्थ देणगी असा असून विषासाठी 'गिफ' हे रूप अधिक वापरले जाते.

या सर्व भाषा जर्मानिक कुळातील असून या शब्दाच्या मुळाशी 'देणे' ही एकच क्रिया आहे. इंग्रजीतील 'गिव्ह' आणि जर्मनमधील 'गेबेन' ही क्रियापदे त्याच मुळातून आली आहेत.

जुन्या जर्मन भाषेतही 'गिफ्ट'चा अर्थ 'देणे' असाच होता. ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला 'डोसिस', म्हणजे शब्दशः 'देणे', म्हणत. त्याच धर्तीवर जर्मनमध्ये 'गिफ्ट' हा शब्द मात्रेसाठी आला. विषाचे नाव थेट न घेता त्याला 'दिलेली मात्रा' म्हणण्याची रीत पडली आणि कालांतराने विष हाच अर्थ उरला. जुना अर्थ 'मिटगिफ्ट', म्हणजे वधूसोबत दिला जाणारा हुंडा, या शब्दात टिकून आहे.

स्कँडिनेव्हियात हा शब्द वधू 'देण्या'वरून विवाहाकडे वळला. प्राचीन इंग्रजीतही त्याचा अर्थ वधूमूल्य असा होता. भेटवस्तू हा आजचा अर्थ इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेच्या प्रभावातून आला.

ग्रीक 'डोसिस'वरून आलेला 'डोस' मराठीतही रोजच्या वापरात आहे. संस्कृत 'दा' धातू आणि ग्रीक 'डोसिस' यांचे मूळ एकच असल्याने 'दान' आणि 'डोस' हे परस्परांचे दूरचे नातलग ठरतात. 'कन्यादान' या शब्दामागील कल्पनाही स्कँडिनेव्हियातील अर्थाशी जुळणारी आहे.

रूपाने सारख्या पण अर्थाने भिन्न अशा शब्दांना भाषांतराच्या क्षेत्रात 'फसवे मित्र' म्हटले जाते. भारतीय भाषाही त्याला अपवाद नाहीत. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, तर मराठीत दंड. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा हिंदीत 'शिक्षा का अधिकार' असा उल्लेख होतो. तो मराठीत जसाच्या तसा उतरवल्यास मुलांना शिकण्याऐवजी दंड भोगण्याचा हक्क मिळाल्याचा बोध होईल. औषधाच्या बाटलीवरील सूचना असो वा कायद्याचा मजकूर, केवळ ओळखीचा वाटतो म्हणून शब्दावर विसंबणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.